ईदचा जोड आणि कामाचा जोड

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की चंद्रपूरच्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तरावीहची नमाज आटोपून माणसे थेट बाजारात येतात. मुलांचे कुर्ते, मुलींचे शरारे, घरातल्या मोठ्यांसाठी पठाणी, कोणाचा तरी राहून गेलेला ओढणीचा रंग. आमचे घरही त्यात असतेच. ईदच्या कपड्यांना किती पैसे लागले, याचा हिशेब आमच्या घरी कोणी कधी मागितला नाही. खुशीचा दिवस आहे, असे म्हणून आपण पुढे जातो.

पण त्याच घरातला कमावता माणूस वर्षाचे उरलेले तीनशे दिवस अंगावर काय घालतो, हे आम्ही कित्येक वर्षे पाहिलेच नव्हते. आमच्याकडची रीत ठरलेली होती. ईदचा शर्ट दोन वर्षे सणाला आणि लग्नकार्याला वापरायचा, कॉलर मळली की तो कामाला काढायचा. काही वाया जात नाही, म्हणून सासूबाईंना ही रीत फार पसंत होती. आम्हालाही त्यात काही चूक दिसत नव्हती.

चूक दिसली ती तीन वर्षांपूर्वी. आमचा धाकटा दीर एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डरचा मदतनीस म्हणून लागला होता. अंगात मागच्या ईदचा शर्ट, चकचकीत आणि मऊ, पूर्ण पॉलिस्टरचा. वेल्डिंगची एक ठिणगी बाहीवर पडली. सुती कापड असते तर तेवढ्यापुरते भोक पडून काळे झाले असते. हे कापड वितळले आणि हाताच्या कातडीला चिकटले. सोबतच्या कामगाराने घाबरून ते ओढून काढले आणि त्याबरोबर कातडीही निघाली. जखम तळहाताएवढीच होती, पण सव्वा महिना काम बुडाले. रोजंदारीच्या माणसाचा सव्वा महिना म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

त्या दिवशी रात्री तो म्हणाला, "भाभी, शर्ट चांगला होता, पण कामाचा नव्हता." तेव्हापासून आमच्या घरात कामाच्या कपड्यांचा वेगळा विचार सुरू झाला. दुकाने हिंडलो, शिंप्यांशी बोललो, फसलो, पुन्हा घेतले. त्यातून जे शिकलो ते आज इथे मांडत आहोत.

आधी काम पाहा, मग कापड

आपल्या दोन जिल्ह्यांत कामे किती तऱ्हेची आहेत ते पाहा. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरी या पट्ट्यात कोळशाच्या खाणी. ऊर्जानगरला २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस भागात सिमेंटचे कारखाने. बल्लारपूरला कागद गिरणी. तिकडे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, ज्याचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग जंगल आहे. तिथे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसात धानाची रोवणी, मग बांबू. एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिजाची खाण. आणि सगळीकडे गॅरेज, ट्रकवरचे चालक-क्लीनर, गवंडी, भाजीवाले, शिक्षिका, परिचारिका, आशा सेविका.

या सगळ्यांना एकच कापड चालणार नाही. दुकानात शिरण्याआधी घरीच तीन प्रश्न विचारावेत. कामावर आग, ठिणगी किंवा तापलेले लोखंड आहे का? फिरते यंत्र, पट्टा किंवा चाक जवळ आहे का? उन्हात राहायचे आहे की पावसात भिजायचे आहे?

पहिल्याचे उत्तर 'हो' असेल तर पॉलिस्टर, नायलॉन किंवा त्यांचे जास्त मिश्रण असलेले कापड घेऊच नका. सुती कापडही पेटते, ते आगीपासून कवच नव्हे. पण ते वितळून अंगाला चिकटत नाही, एवढा फरक जखमेत फार मोठा ठरतो. वेल्डिंगवर जाडसर सुती ड्रिलचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर चामड्याचा एप्रन व हातमोजे हवेत. पँटची खालची घडी बाहेरून दुमडलेली नको, त्यात ठिणगी अडकून बसते. वरचा खिसाही झाकणाचा असावा.

दुसऱ्याचे उत्तर 'हो' असेल तर कपडा सैल लोंबणारा नको. बाहीला कफ आणि बटण, शर्ट आत खोचलेला, गळ्यात गमछा नाही.

तिसरा प्रश्न हवामानाचा. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ अंशांच्याही वर जातो. अशा उन्हात घाम शोषून घेणारे आणि वारा आत येऊ देणारे सुती कापडच हवे, रंग फिका आणि बाह्या पूर्ण. अर्ध्या बाह्यांनी थंड वाटते हा भ्रम आहे. उघड्या कातडीवर थेट ऊन पडले की शरीर जास्त तापते. उलट पावसाळ्यात जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, जीन्सचे तर विचारूच नका. ओल्या कपड्याने मांड्या आणि काखा घासून नायटा होतो. म्हणून आगीशी संबंध नसलेल्या कामाला पावसात टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचे मिश्रण, बरे पडते. लवकर वाळते, चुरगळत नाही, इस्त्रीचा खर्च वाचतो. शाळेतल्या शिक्षकाला, दुकानातल्या नोकराला, रखवालदाराला ते वर्षभर चालते. टेरिकॉट वाईट कापड नाही, त्याची जागा चुकायला नको एवढेच.

कापड ओळखायचे कसे

दुकानदार "प्युअर कॉटन आहे" असे म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटे बोलतो असे नाही. कित्येकदा त्यालाही माहीत नसते. म्हणून स्वतः पाहावे.

ठाण असेल तर काठावर छापलेले वाचा. ६७/३३ किंवा ६५/३५ असे आकडे असतील तर त्यात पहिला आकडा बहुधा पॉलिस्टरचा असतो. कापड मुठीत घट्ट आवळून सोडा. सुती कापडावर सुरकुत्या राहतात, पॉलिस्टर झटकन सरळ होते. थेंबभर पाणी टाका. सुती कापड पाणी पिते, पॉलिस्टरवर थेंब घरंगळतो. मात्र नव्या सुती कापडाला खळ असली तर तेही सुरुवातीला पाणी घेत नाही, म्हणून या एकाच परीक्षेवर विसंबू नये.

खात्रीची परीक्षा आगीची. दुकानदाराकडून दोन धागे किंवा बोटभर कातरण मागून घ्या. घरी चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून, मुलांना दूर बसवून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरणारी राख उरते. पॉलिस्टर आकसते, वितळते आणि गार झाल्यावर त्याचा काळा कडक मणी होतो. मिश्रणात राखही दिसते आणि मणीही लागतो.

मग कापडाचा दम पाहावा. उजेडासमोर धरा, विण दाट आणि सारखी असेल तर उजेड मंद दिसतो, विरळ असेल तर समोरची माणसेही दिसतात. दोन्ही अंगठ्यांनी कापड ओढा. धागे सरकून फट पडली तर शिवणीवर ते टिकणार नाही. कापड कापडावरच चोळा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ आहे, पहिल्या धुण्यात जाडी निघून जाईल. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग सुटतो का तेही बघून घ्या.

विणीची नावे माहीत असावीत. तिरक्या रेघांची वीण ती ड्रिल किंवा ट्विल. कामाच्या पँटला आणि जाड शर्टाला सगळ्यांत टिकाऊ. सरळ उभ्या-आडव्या विणीचे पॉपलीन. उन्हाळी शर्टाला आणि सलवार-कमीजला चांगले. मांजरपाट खिशाला आणि अस्तराला. जाडी ग्रॅममध्ये सांगतात: शर्टाला साधारण १५० ते १८० ग्रॅम आणि पँटला २४० ते २८० ग्रॅम वजनाचे कापड पुरते. त्यापेक्षा जाड घेतले तर आपल्या उन्हाळ्यात माणूस ते घालायचे टाळतो आणि पैसे कपाटात पडून राहतात.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे कोणी शिकवावे लागत नव्हते. कापूस याच मुलखातला, आणि नागपूरची एम्प्रेस मिल तर १ जानेवारी १८७७ पासून चालू होती. मोमिनपुऱ्यातल्या आणि कामठीच्या मोमीन घरांत हातमागाचा खडखडाट असे. घरी आलेल्या पाहुण्याच्या कुर्त्याचे कापड बोटांत धरून आजोबा सूत सांगत. ती गिरणी बंद पडली, घरोघरचे माग कमी झाले, आणि त्याबरोबर आपल्या बोटांचे ज्ञानही गेले. ते परत मिळवायला फार वेळ लागत नाही. दहा-बारा कापडे हाताखालून गेली की बोटे बोलू लागतात.

तयार घ्यावे की शिवून घ्यावे

आमचा अनुभव असा, की पँट तयार घेतली तरी चालते, शर्ट मात्र शिवून घ्यावा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर लागते. ३६ इंच पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन मीटर धरा. भाव विचारताना पन्हाही विचारा. कमी पन्ह्याचे स्वस्त कापड शेवटी महाग पडते.

सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून द्यावे. ते आधीच आटते. आम्ही पहिल्या वेळी हे केले नाही आणि पहिल्या धुण्यातच बाह्या मनगटाच्या वर गेल्या.

शिंप्याला काय सांगायचे? खांदा, काख आणि पँटचे आसन इथे डबल टीप. शिवणीत माया जास्त ठेवायची, म्हणजे पुढे कपडा सैल करता येतो. खिशाच्या कोपऱ्यांना बंद टाके. बटणे चार छिद्रांची आणि पक्क्या दोऱ्याने. गुडघ्याला आणि कोपराला त्याच कापडाचा आतून दुसरा थर. शर्ट मागून दोन इंच लांब. ही शेवटची गोष्ट आमच्या सासऱ्यांनी सुचवली. वाकून काम करताना कंबर उघडी पडत नाही, आणि जोहरच्या नमाजला सज्द्यात जातानाही नाही. शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्या आठवणीने मागून घ्या. ठिगळाला त्याच कापडाचा तुकडा दुसरीकडे कुठे मिळणार?

तयार कपडा घेताना तो आधी उलटा करावा. आतली शिवण पाहिली की कपड्याचे आयुष्य कळते. कडा ओव्हरलॉक केलेल्या आहेत का, टाके एका इंचात दहा-बारा आहेत की सहाच, धागे लोंबत आहेत का? दुकानातच तो घालून उकिडवे बसून आणि दोन्ही हात वर करून पाहावे. कामाचा कपडा आरशासमोर ताठ उभे राहून घ्यायचा नसतो. बिल घ्यावे, बदलून घेताना तेच कामी येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर आणि पादत्राणांवर जीएसटी ५ टक्केच आहे. तेवढ्यासाठी बिल सोडून देण्यात शहाणपण नाही.

आणि एक इशारा खास गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी. आठवडी बाजारात लष्करी छापाच्या पँट स्वस्त आणि मजबूत मिळतात. पोरांना त्यांची हौस असते. पण ज्या जंगलाने इतकी वर्षे बंदुका पाहिल्या, तिथे दुरून कोणाचा गैरसमज होईल असा पोशाख घालून जाऊ नये. साधी खाकी किंवा तपकिरी पँट घ्यावी. सुरजागडकडच्या लाल धुळीतही तोच रंग निभावतो.

घरातल्या बाईचे कामाचे कपडे

इथपर्यंत आम्ही पुरुषांचेच बोललो, कारण घरातही बोलणे तिथेच थांबते. रोवणीला, कापूस वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. ऊन, काटे आणि पानांची खाज यांपासून तो वाचवतो, म्हणून कल्पना उत्तमच आहे. पण तो शर्ट तिच्या मापाचा नसतो. खांदा कोपराकडे उतरतो, बाही हातात येते, आणि कापड आधीच विरलेले असते. तिच्या मापाचा, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, झाकणाचा खिसा असलेला एक सुती शर्ट शिवायला फार खर्च नाही. आमच्या नणंदेने असे दोन शिवून घेतले तेव्हा ती म्हणाली, "पहिल्यांदा माझ्या मापाचा कामाचा कपडा घातला." ऐकून आम्हालाच लाज वाटली.

जंगलात जाणाऱ्यांनी पाय झाकावेत. साडीखाली जाड सुती सलवार किंवा पायजमा आणि घोटा झाकणारे बूट घातले तर काटे, विंचू आणि साप यांपासून काही बचाव होतो. वाघापासून कोणताच कपडा वाचवत नाही. मोहफूल वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला वाकलेल्या माणसांवर आपल्या भागात किती हल्ले झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे एकटीने न जाणे, सोबतीने राहणे आणि आवाज करत राहणे, हाच उपाय.

कारखान्यात, गिरणीत किंवा शिवणयंत्रावर काम करणाऱ्या भगिनींनी ओढणीचा विचार वेगळा करावा. पडदा राखायला लांब लोंबणारे टोक लागत नाही. होजियरी कापडाचा अंगाबरोबर बसणारा हिजाब घ्यावा, त्याची टोके कमीजच्या आत घ्यावीत, टाचण्या टाळाव्यात. वर कामाचा एप्रन किंवा कोट बटणे लावून घालावा. फिरत्या चाकात ओढणीचे टोक गेले तर यंत्र बंद करायलाही सवड मिळत नाही.

शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी आणि आशा सेविका यांना रोज माणसांत जावे लागते. त्यांनी दोन रंगांच्या सलवारींवर चार कमीज जुळतील अशी निवड करावी. चारच कमीजांचे आठ जोड होतात. खिसा मात्र सांगून लावून घ्यावा. शिंपी आपणहून लावत नाही.

हिशेब

आता पैशाकडे येऊ. आमच्या घरातला एक हिशेब जसाच्या तसा देतो. पूर्वी दिरासाठी ३५० रुपयांचे दोन शर्ट घेत असू. ७०० रुपये. ते पाच महिन्यांत फाटत. पंधरा महिन्यांत तीन वेळा खरेदी, म्हणजे २१०० रुपये. नंतर ड्रिलचे दोन शर्ट शिवून घेतले. कापड आणि शिलाई धरून एकाला ७५० रुपये पडले, दोन्हींचे १५००. ते पंधरा महिने चालले आणि त्यानंतरही एक शर्ट रंगकामाला वापरात आहे. म्हणजे महिन्याला १४० रुपयांच्या जागी १००. बचत ६०० रुपयांची, आणि अंगावर कापड चांगले.

हिशेब सोपा आहे; अडचण दुसरीच आहे. गरीब घरात १५०० रुपये एकदम निघत नाहीत, ७०० निघतात. म्हणूनच गरीब माणसाला स्वस्त वस्तू महाग पडते. यावर आम्ही दोन उपाय केले. एक, दोन्ही शर्ट एकदम न घेता दोन महिन्यांच्या अंतराने घेतले. दोन, आठवड्याला पन्नास रुपये वेगळ्या डब्यात टाकायला लागलो. सात महिन्यांत १५०० रुपये होतात. व्याजाच्या हप्त्यात पडायचे कारण उरत नाही. खरेदीही रमजानच्या गर्दीत करत नाही. त्या दिवसांत दुकानदाराला कापड दाखवायला वेळ नसतो आणि शिंपी ईदनंतरचीच तारीख देतो. शाबानच्या आधी किंवा ईद होऊन महिना उलटल्यावर गेलो तर दोघेही नीट बोलतात.

सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता. "मातीत घालायच्या कपड्यावर साडेसातशे? हा इस्राफ नाही का?" असे त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. उधळपट्टी आपल्याला मना आहे. पण गरजेच्या जागी हात आखडणेही आपल्याला शिकवलेले नाही. दोन्हींच्या मधली वाट धरायची असते. एका दिवसाच्या कपड्यावर दोन हजार आणि तीनशे दिवसांच्या कपड्यावर साडेतीनशे, यात मधली वाट कुठे आहे, असे आम्ही त्यांना विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी डब्यात पन्नास रुपये त्यांनीच टाकले.

जे विकत घ्यायचे नसते

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जिवाच्या सुरक्षेसाठी लागणारे साहित्य कामगाराने स्वतःच्या खिशातून घ्यायचे नसते. कोळसा खाणींच्या नियमांप्रमाणे संरक्षक बूट आणि हेल्मेट घातल्याशिवाय खाणीत काम करता येत नाही, आणि ते मालकाने विनामूल्य द्यायचे असते. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे कारखान्याने पुरवावेत, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून चालत आले आहे. ठेकेदाराच्या माणसाचा जीव कायम नोकराच्या जिवापेक्षा स्वस्त नसतो. पण एकट्याने मागायला गेले की उद्या येऊ नको, असे ऐकावे लागते, हेही खरे आहे. म्हणून चार-पाच जणांनी मिळून, लेखी मागावे आणि संघटना असेल तर तिच्यामार्फत मागावे.

मिळालेल्या वस्तूवर खूण पाहावी. सुरक्षा बुटावर आयएस १५२९८ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हे मानक आयएसआय चिन्हासह असावे. गॅरेजवाला, छोटा वेल्डर किंवा गवंडी यांना देणारा मालक नसतो, त्यांनी स्वतः घ्यावे लागते. त्यांनी शर्टात काटकसर करावी, बुटात करू नये.

धुणे आणि सांधणे

चांगला कपडा वाईट धुण्याने मरतो. कोळशाचे किंवा सिमेंटचे कपडे आधी अंगणात झटकावेत, मगच पाण्यात घालावेत. सिमेंट ओले झाले की त्यातला चुना कातडी खातो. सिमेंटच्या चिखलाने भिजलेली पँट अंगावर दिवसभर ठेवू नये. कामाचे कपडे लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. वेगळी बादली ठेवावी. कपडा उलटा करून सावलीत वाळवला तर रंग आणि धागा दोन्ही टिकतात.

फवारणीच्या कपड्यांबाबत तर हलगर्जी नकोच. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. राजुरा, कोरपना, वरोरा भागातही कापूस आहेच. औषधाने भिजलेला शर्ट विष कातडीवर धरून ठेवतो. फवारणीचा जोड वेगळा ठेवावा, काम संपताच काढावा, साबणाने आंघोळ करावी आणि तो जोड धुणाऱ्या बाईने हातमोजे घालून वेगळा धुवावा.

कपडा फाटण्याची वाट पाहू नये. गुडघा पातळ दिसू लागला की आतून ठिगळ लावावे. बटण सैल झाले की त्याच रात्री टाका घालावा. हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत, असे हदीसमध्ये आले आहे. मग ठिगळाची लाज आपण का धरावी? आमच्या घरात आता सुई-दोरा दीरच हातात घेतो.

आणि अपघात झालाच तर एवढे लक्षात असू द्या. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढू नये. भोवतीचे कापून काढावे आणि दवाखान्यात जावे. टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नये. त्या दिवशी कोणाला एवढे माहीत असते तर जखम निम्मी झाली असती, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते.

आपल्या आरमोरी-नागभीडकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा होतो, त्याचे कापड डोळ्यांत भरते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनातल्या मागांवरचे सुती कापडही हातात घेऊन पाहण्यासारखे असते. सणाला असे काही जरूर घ्यावे. ईदची खुशी कमी करा, असे सांगायला आम्ही बसलेलो नाही.

यंदाच्या ईदला दिराने पांढरा कुर्ता घेतला. शिंप्याकडे ड्रिलचे दोन शर्ट त्याने शाबानच्या आधीच टाकले होते. ईदच्या तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा कुर्ता घडी घालून कपाटात होता आणि अंगावर खाकी शर्ट होता. डाव्या हातावरचा डाग बाहीखाली झाकलेला होता. सासूबाईंनी दारातूनच त्याचे कफाचे बटण लावले आहे का ते पाहिले, आणि मग डबा हातात दिला.